किल्ली बंद पडते तेव्हा

मराठीत किल्ली हरवते, मोडते, झिजते, कुलपात अडकते, नाहीतर शेजारच्या काकूंकडे ठेवलेली असते. पण "किल्ली बंद पडली" हे वाक्य आपल्या आजोबांच्या तोंडून कधी निघालं असेल असं वाटत नाही. बंद पडायला आधी चालू असावं लागतं. घड्याळ बंद पडतं, मिक्सर बंद पडतो, पिठाची गिरणी बंद पडते. किल्ली म्हणजे पितळेचा नाहीतर लोखंडाचा मुका तुकडा. तो काय बंद पडणार?

आता पडतो. गाडीच्या किल्लीत सेल असतो, चिप असते, छोटा ट्रान्समीटर असतो. एके दिवशी बटण दाबलं की गाडी नेहमीसारखे डोळे मिचकावत नाही. मग आपण पुन्हा दाबतो, जोरात दाबतो, हात लांब करून दाबतो, आणि शेवटी टीव्हीच्या रिमोटसारखी ती किल्ली तळहातावर आपटतो. (हा आपला राष्ट्रीय उपाय आहे. कधीकधी चालतोसुद्धा. का चालतो ते पुढे येईलच.)

तर या विकांताला विषय हा: किल्ली नावाची वस्तू यंत्र कधी झाली, आणि ती बंद पडली की नक्की काय बंद पडतं? उत्तर शोधायला जरा मागे जावं लागेल. बरंच मागे.

आकाराचं गुपित

आधी शब्दांकडे बघू. 'कुलूप' मूळचा अरबी 'कुफ्ल', फारसीमार्गे आपल्याकडे आला. 'चावी' ही पोर्तुगीजांची 'शावे'. नागपूरकडे तिची 'चाबी' होते. अडसर मात्र आपला. म्हणजे दार आतून बंद करायला आपला शब्द होता, आणि बाहेरून बंद करून निर्धास्तपणे गावाला जाण्याची सोय बोलायला आपण दोन दर्यावर्दी भाषांकडून उसनवारी केली. हा अर्थातच माझा चावटपणा, भाषाशास्त्र नव्हे. टाळं नावाचा देशी शब्द आहेच. पण गंमत वाटते.

कुलपाची मूळ कल्पना इजिप्त आणि मेसोपोटेमियात सापडते. लाकडी अडसर, त्यात वरून पडणाऱ्या लाकडी खुंट्या, आणि त्या खुंट्या बरोबर उंचीवर उचलणारी दातेरी दांडी. ही दांडी म्हणजे किल्ली. १८६० च्या दशकात अमेरिकेत लायनस येल धाकटे यांनी हीच कल्पना पितळेत आणि खिशात मावेल इतक्या आकारात आणली. तुमच्या फ्लॅटच्या दाराचं लॅच बहुधा त्याच वंशातलं आहे. तीनेक हजार वर्षं तत्त्व एकच: गुपित आकारात आहे. दाते किती आणि कुठे, एवढंच. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर चारपाच आकडी पासवर्ड, आणि तो तुम्ही उघडउघड कमरेला लटकवून बाजारात फिरता.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, आकार बघितला की नक्कल करता येते. साबणावर ठसा घेणारे चोर हिंदी सिनेमात उगाच नाहीत. आणि दोन, नक्कल करता येते म्हणूनच किल्ली हरवली तर कोपऱ्यावरचा चावीवाला कानस घेऊन पंधरा मिनिटांत तुमची अडचण सोडवतो. चोराची सोय आणि मालकाची सोय ही एकाच आकाराची दोन कामं आहेत. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळा झगडा इथेच होणार आहे.

तिघांचा गड

आकाराचं गुपित कच्चं असतं हे जुन्या लोकांना चांगलं ठाऊक होतं, म्हणून ते किल्लीभोवती माणसांची यंत्रणा उभी करत. याचं उत्तम उदाहरण घरचंच आहे. शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांवर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी एकाच दर्जाचे असत, हे सभासदाच्या बखरीत आहे. दरवाजे संध्याकाळी लावायचे आणि सकाळी उघडायचे ही जबाबदारी हवालदाराची, किल्ल्या त्याच्या ताब्यात. पण गड एकट्या हवालदाराचा नाही. एकाने फितूर व्हायचं ठरवलं तरी उरलेले दोघे आड येणार.

आज आपण बँकेच्या सर्व्हरवर एखादी गोष्ट डिप्लॉय करताना दोन जणांची मंजुरी मागतो, ते हेच. कुलूप किती भक्कम आहे यापेक्षा किल्ली कोणाच्या हाती आणि त्याच्यावर लक्ष कोणाचं, हा प्रश्न तेव्हाही मोठा होता.

कुलूप फोडणारा सद्गृहस्थ

आता लंडनला जाऊ. जोसेफ ब्रामा यांच्या कारखान्याने १७९० पासून दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडून ठेवलं होतं. किल्लीशिवाय उघडणाऱ्याला २०० गिनी बक्षीस. साठएक वर्षं कोणालाच जमलं नाही. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनासाठी आल्फ्रेड हॉब्ज नावाचे अमेरिकन कुलूपवाले आले. त्यांनी आधी चब कंपनीचं नामांकित कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडलं, आणि मग ब्रामाच्या कुलपाशी सोळा दिवसांत मिळून ५१ तास झटापट करून तेही उघडलं.

इंग्लंडात हलकल्लोळ झाला. अशी गुपितं चारचौघांत सांगावीत का? चोर शिकतील ना! हॉब्ज यांचं म्हणणं असं की चोरांना हे आधीच माहीत असतं. माहीत नसतं ते फक्त कुलूप विकत घेणाऱ्या भाबड्या माणसाला. सिक्युरिटीत काम करणारी मंडळी आज ज्या वादावर परिषदा भरवतात, तो वाद हा असा पावणेदोनशे वर्षं जुना आहे. पुढे १८८३ साली ऑग्युस्त केर्कहॉफ्स या डच गृहस्थांनी सांकेतिक लिपीबद्दल हाच नियम मांडला: यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे, गुपित फक्त किल्लीत हवं. हा नियम मोडला की काय होतं ते थोड्या वेळाने बघू.

आपल्याकडे १८९७ साली वकिली सोडलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली. त्याआधी त्यांनी शस्त्रक्रियेच्या उपकरणांचा धंदा करून पाहिला होता, पण वस्तूवर भारतीय बनावटीचा उल्लेख असावा की नसावा यावरून तो फिसकटला. कुलपांचं मात्र जमलं, ते इतकं की स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याच कंपनीने विक्रोळीला बारा लाखांवर मतपेट्या बनवल्या. पेटीचं कुलूप आतल्या बाजूला होतं. घराची तिजोरी ते देशाचा कौल, इतक्या मजल्यांचा विश्वास एका लोखंडी खिट्टीवर.

गोळा

आता माझा सगळ्यात आवडता पूर्वज. याला कोणी किल्ली म्हणत नाही, पण गाडीच्या रिमोटचा खरा आजोबा हाच, असं माझं ठाम मत आहे.

जुन्या एकेरी रेल्वेमार्गावर प्रवास केला असेल तर आठवेल. स्टेशनातून धडधडत जाणारी गाडी, फलाटावर हात वर करून उभा असलेला खलाशी, त्याच्या हातात वेताचं किंवा तारेचं मोठं कडं, आणि इंजिनातून बाहेर झुकलेला माणूस ते कडं खांद्यावर झेलतो. कड्याला चामड्याची पिशवी, पिशवीत एक धातूचा गोळा. हा गोळा ड्रायव्हरकडे असेल तरच पुढच्या स्टेशनापर्यंतचा रूळ त्याचा. गोळा नाही तर गाडी नाही.

खुबी गोळ्यात नाहीच, तो ज्या यंत्रात ठेवतात त्यात आहे. दोन शेजारच्या स्टेशनांत एकेक यंत्र, मध्ये तार. या टोकाचा गोळा बाहेर काढायचा तर त्या टोकाच्या मास्तरने संमती द्यावी लागते. आणि एक गोळा बाहेर पडला की दोन्ही यंत्रं अडकून बसतात. तो गोळा परत दोन्हीपैकी एका यंत्रात पडेपर्यंत दुसरा निघतच नाही. म्हणून समोरासमोर दोन गाड्या येण्याचा प्रश्न येत नाही.

इथे गुपित आकारात नाही. दोन लांबच्या पेट्या एकमेकींशी हिशेब जुळवून बसल्या आहेत, आणि तो जुळलेला हिशेब हीच किल्ली. गोळा हरवला तर? नुसता तसाच दुसरा गोळा आणून भागत नाही. सिग्नल खात्याचा माणूस येऊन दोन्ही बाजूंचा हिशेब पुन्हा जुळवून देतो, तेव्हा गाडं पुढे सरकतं. आजच्या भाषेत याला 'सिंक' म्हणतात. 'आउट ऑफ सिंक' झाल्यावर येणारा वैतागही आजचाच.

हवेतून किल्ली

लांबून काहीतरी हलवायची हौस जुनी आहे. १८९५ च्या सुमारास कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी अदृश्य लहरींनी भिंतीपलीकडे घंटा वाजवून आणि बारूद उडवून दाखवली होती. १८९८ मध्ये न्यूयॉर्कला निकोला टेस्लांनी बिनतारी होडी चालवली. पण यात किल्ली नव्हती. ज्याच्याकडे यंत्र, त्याचा हुकूम. पुढे अमेरिकेत रिमोटने उघडणारी गॅरेजची दारं आली तेव्हा हा घोळ उघडा पडला. शेजाऱ्याने बटण दाबलं की आपलं दार उघडायचं!

गाडीच्या बाबतीत १९८२ च्या सुमारास फ्रान्सच्या रेनॉ फुएगो या मॉडेलला रिमोटने उघडणारं कुलूप मिळालं. १९८६ मध्ये अमेरिकेत कॉर्व्हेटच्या किल्लीत एक रेझिस्टर बसवला गेला. पंधरा वेगवेगळ्या किमतींपैकी बरोबर तोच असेल तर गाडी सुरू. म्हणजे किल्लीत पहिल्यांदा वीज शिरली, पण पर्याय पंधराच. चोराने पंधरा किल्ल्या बाळगल्या की झालं. आपल्याकडे त्या काळात पद्मिनी आणि अँबेसेडर होत्या. झिजलेल्या कुलपात भलत्याच गाडीची किल्ली फिरल्याचे किस्से प्रत्येक घरात एक तरी असतात.

मग रेडिओ आला. अमेरिका-जपानमध्ये साधारण ३१५ मेगाहर्ट्झ, युरोपात आणि आपल्याकडे ४३३.९२. पण रेडिओ सगळ्यांनाच ऐकू येतो. रिमोट रोज एकच आकडा ओरडत असेल, तर पार्किंगमध्ये बसून तो टेप करायचा आणि रात्री पुन्हा वाजवायचा. संपला विषय.

यावरचं उत्तर दक्षिण आफ्रिकेतून आलं. १९८० च्या दशकात नॅनोटेक या कंपनीत 'कीलॉक' नावाची पद्धत तयार झाली आणि १९९५ साली अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीने ती विकत घेतली. कल्पना सुंदर आहे. किल्लीत एक मोजणी चालते आणि गाडीतही. प्रत्येक दाबाला किल्लीची मोजणी एकने वाढते. ती संख्या ६४ बिटांच्या गुप्त किल्लीने घुसळून ३२ बिटांचा संदेश निघतो आणि हवेत जातो. गाडी तो उलगडते, संख्या आपल्या मोजणीच्या पुढची आहे ना बघते, आणि मगच दार उघडते. कालचा संदेश आज वाजवला तर संख्या मागची निघते. चोर बाद.

बघा, आला की नाही आपला गोळा परत? दोन पेट्या, एक हिशेब.

पण माणसं खिशात किल्ली ठेवतात, पोरं बटणं दाबत बसतात. किल्लीची मोजणी पुढे धावते, गाडी मागे राहते. म्हणून या पद्धतीत सवलत ठेवलेली असते. मोजणी १६ पर्यंत पुढे गेली असेल तर गाडी मुकाट्याने मान्य करते. त्याहून पुढे, पण ३२ हजारांच्या आत असेल, तर ती म्हणते, "एकदा आणखी बोल." लागोपाठ दोन संदेश ओळीने आले की हिशेब जुळला. त्याच्याही पुढे गेलात तर ओळख विसरा, जोडणी पुन्हा करा. हे आकडे त्या घराण्याच्या चिपांचे. बाकीच्या पद्धतींत आकडे वेगळे, तत्त्व तेच.

दार उघडण्याखेरीज दुसरं काम इंजिनाला परवानगी देण्याचं. ते वेगळीच चिप करते. ही चिप रेडिओच्या बटणाशी संबंधित नाही आणि तिला सेलही लागत नाही. इग्निशनभोवतीच्या वेटोळ्यातून येणाऱ्या साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरींवरच ती जागी होते आणि आपली ओळख सांगते. युरोपात नव्या मोटारींना ऑक्टोबर १९९८ पासून हे सक्तीचं झालं. उपयोग झाला का? यान फान आउर्स आणि बेन फोलार्ड या अर्थतज्ज्ञांनी नेदरलँड्सचे आकडे तपासले, तर या एका गोष्टीने तिथल्या मोटारचोऱ्या सरासरी ४० टक्क्यांनी घटवल्याचं दिसलं. तेव्हा ही सगळी भानगड कंपन्यांनी केवळ आपल्याला छळायला केली, असं म्हणणं अन्यायाचं होईल.

आता केर्कहॉफ्स यांचा नियम. कीलॉकची आकडेमोड अनेक वर्षं गुप्त ठेवली होती. २००६ च्या सुमारास ती इंटरनेटवर फुटली. २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी चिप किती वीज खाते हे मोजून कंपनीची मूळ किल्लीच बाहेर काढली. ती एकदा हाती आली की कोणत्याही रिमोटचे दोन संदेश ऐकून त्याची नक्कल करता येत होती. मग आली नुसती खिशात ठेवायची किल्ली. २०११ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी ८ कंपन्यांच्या १० गाड्या घेतल्या, किल्लीचा सिग्नल नुसता लांबवला, आणि दहाच्या दहा उघडून सुरू केल्या. हॉब्ज साहेब वर कुठेतरी मिशीत हसले असतील.

भिवापूरच्या बाजारात

एवढं पुराण कशासाठी? तर दोन वर्षांपूर्वी एका मित्राच्या गाडीने आम्ही उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गेलो होतो. वाघ दिसला नाही (तो दुसऱ्या लेखाचा विषय), पण पवनीकडून परतताना भिवापूरला थांबलो. भिवापूरची मिरची माहीत असेलच. भौगोलिक मानांकन मिळालेली, रंगाला लाल आणि जिभेला निर्दय. गाव नागपूरपासून सत्तरेक किलोमीटर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आलेली अडीच फुटी रूळांची नागपूर-नागभीड रेल्वे इथूनच जायची. २०१९ मध्ये रूंदीकरणासाठी ती बंद केली. म्हणजे गाडी अडली तर रेल्वेने जाऊ, असं म्हणायचीही तेव्हा सोय नव्हती.

मिरची घेऊन परत आलो तर रिमोट गप्प. तळहातावर आपटून झालं. मग किल्लीतल्या पात्याने दार उघडलं, आणि गाडीला वाटलं चोर आला. भर बाजारात भोंगा सुरू. दहा माणसं जमली. "काऊन बोंबलून राहिली हे?" "सेल गेला असन भाऊ." चिप शाबूत असल्यामुळे इग्निशनमध्ये किल्ली फिरवल्यावर गाडी सुरू झाली आणि भोंगा थांबला. मित्राने सर्व्हिस सेंटरला फोन लावला. उत्तर आलं, रिमोट दुरुस्त होत नाही, नागपूरला आणा, नवीन मागवावा लागेल, काही दिवस लागतील. किंमत ऐकून मित्र खाली बसला. त्या पैशात मिरचीचं अख्खं पोतं आलं असतं.

जमलेल्यांपैकी एका काकांनी घड्याळाच्या दुकानाकडे बोट दाखवलं. दुकान कसलं, काचेची एक पेटी आणि मागे म्हातारे गृहस्थ. त्यांनी नखाने रिमोटचं कवच उघडलं. आत सीआर २०३२ चा सेल. या नावात गुपित काही नाही: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. मीटर लावला, सेल तीन व्होल्टच्या बराच खाली. नवा घातला. तरी दिवा लागेना. मग त्यांनी सेलला टेकणारी पत्र्याची पट्टी चिमट्याने जराशी उचलली आणि खोडरबराने घासली. बटण दाबलं की दिवा कधी लागे, कधी नाही. डोळ्याला भिंग लावून त्यांनी निदान केलं: बटणाच्या एका पायाचं सोल्डर तडकलं आहे.

आपटल्यावर रिमोट का चालतो, ते हे. तडकलेला पाय क्षणभर टेकतो आणि आपल्याला वाटतं आपला हातगुण.

सोल्डरिंगची कांडी शेजारच्या मोबाइल रिपेअरवाल्या पोराकडे होती. दोन मिनिटांचं काम. दिवा नीट लागायला लागला, आणि खात्री म्हणून म्हातारबाबांनी, पोराने, मित्राने आणि जमलेल्या बघ्यांनी मिळून चाळीसेक वेळा तरी बटण दाबलं. गाडी तिकडे दोन गल्ल्या पलीकडे. आम्ही गाडीपाशी आलो, बटण दाबलं, काही नाही. मित्राचा चेहरा पडला. "परत दाब," मी म्हटलं. दुसऱ्या दाबाला गाडीने डोळे मिचकावले. चाळीस दाबांनी किल्लीचा हिशेब पुढे गेला होता. गाडीने आणखी एकदा विचारून तो जुळवून घेतला.

तुमच्यावर ही वेळ आली तर क्रम असा ठेवा. आधी दुसरी किल्ली चालते का बघा. चालत असेल तर गाडी ठीक, रोग पहिल्या किल्लीत. मग सेल, मग सेलच्या पट्ट्या, मग बटणाचे पाय. किल्ली पाण्यात पडली असेल तर आधी सेल काढा आणि पूर्ण वाळू द्या. कवच बदलत असाल तर जुन्या कवचात इंजिनाची छोटी चिप वेगळी चिकटवलेली नाही ना, ते तपासा. ती कचऱ्यात गेली तर दार उघडेल पण गाडी सुरू होणार नाही. आणि बटण दाबून सुरू होणारी गाडी असेल तर किल्लीतच एक पातं लपवलेलं असतं, दाराच्या मुठीला भोक झाकलेलं असतं, आणि मेलेली किल्ली स्टार्टच्या बटणाला (काही गाड्यांत दुसऱ्या ठरलेल्या जागी) टेकवली की बऱ्याच गाड्या सुरू होतात. ती बिनसेलची चिप इथे कामाला येते. जागा कुठली ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. मॅन्युअल वाचत नाही आपण, पण असतं.

हिशेब कोणाचा?

आता मुद्द्याचं. त्या दिवशी जे मोडलं ते किल्लीचं शरीर होतं: सेल, पट्टी, सोल्डर. त्यासाठी घड्याळवाला आणि मोबाइलवाला पुरले. पण समजा किल्ली हरवली असती, किंवा चिप जळाली असती, तर त्या दोघांचं कसब फुकट होतं. त्या वेळी शरीर दुरुस्त करायचं नसतं, गाडीशी जोडणी नव्याने करायची असते. त्यासाठी लागतो कंपनीचा संगणक, कंपनीचं सॉफ्टवेअर, कंपनीचा पासवर्ड. रेल्वेतला तो सिग्नलवाला आठवा, फक्त इथे तो कोणाला पाठवायचा आणि किती पैसे घ्यायचे हे कंपनी ठरवते.

हा निव्वळ माझा त्रागा नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला होता. आक्षेप हाच, की सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना खुल्या बाजारात मिळू दिली जात नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईक बांधलं जातं. प्रकरण नंतर अपिलात गेलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच मोटारदुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि मोटारी, ही त्यातली चार क्षेत्रं.

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. जोडणीचं यंत्र सगळ्यांना मिळालं की चोरालाही मिळणार. चोराची सोय आणि मालकाची सोय एकाच आकाराची असते, हे आपण सुरुवातीलाच पाहिलं. पण म्हणून मालकाला बाहेर उभं करायचं? १८५१ मध्येही कुलूपवाल्यांचा युक्तिवाद असाच होता, गप्प राहा, सुरक्षित राहाल. आणि गप्प राहून सुरक्षितता आली नाही हे बोखुम आणि झुरिकच्या लोकांनी दाखवून दिलंच आहे. मला वाटतं उत्तर गडावरच्या तिघांच्या बाजूला कुठेतरी आहे. मालकाची ओळख एकाने पटवावी, दुरुस्ती दुसऱ्याने करावी, नोंद तिसऱ्याने ठेवावी, आणि यातला कोणीही एकटा गडाचा धनी नसावा. भिवापूरच्या मेकॅनिकला मालकाचं ओळखपत्र आणि गाडीची कागदपत्रं तपासून, रीतसर नोंद होऊन, तिथेच जोडणी करता यावी. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काही नाही. आपण रोज ऑफिसात याहून गुंतागुंतीच्या परवानग्या लिहितो.

पुण्या-मुंबईत बसून हा प्रश्न जाणवत नाही, कारण सर्व्हिस सेंटर चार सिग्नल पलीकडे असतं. सत्तर किलोमीटर लांबच्या माणसाला जाणवतो. त्याच्यासाठी किल्ली बंद पडणं म्हणजे एक दिवसाची मजुरी, एक चुकलेला दवाखाना किंवा बाजारात वेळेत न पोचलेला माल. आणि ट्रॅक्टरपासून पाण्याच्या मोटारीपर्यंत सगळ्यात हळूहळू अशाच चिपा येत आहेत.

असो. लेख लांबला. तुम्ही एवढंच करा: गाडी नवी असो वा जुनी, दोन्ही किल्ल्या आपल्याकडे आहेत ना बघा. गाडीबरोबर किल्लीच्या नंबराचं पत्र्याचं किंवा कागदाचं कार्ड मिळालं असेल तर ते घरी जपून ठेवा. कपाटात पडून राहिलेली दुसरी किल्ली महिन्यातून एकदा दाबा, तिचाही सेल संपतो. सीआर २०३२ चे दोन सेल पाकिटात ठेवा, गाडीत नको, कारण गाडी बंद असेल तर ते आतच राहतील. आणि भिवापूरला गेलात तर मिरची जरूर घ्या, पण डोळ्याला हात लावायच्या आधी धुवा.